दुरुस्तीला आलेला टेनर

नातीनं पेटी टेबलावर ठेवली.
"विकायचाय. त्याआधी नीट करून द्या."
नाव विचारलं नाही मी.
कडीच्या जागी बुटाची नाडी बांधलेली पेटी
अख्ख्या टोलेडोत एकच होती:
मिस्टर डेलमार व्हिट्लो,
बॉयलरशेजारची खोली, बँडचा तास.

वीस वर्षं झाली मला हे काम करताना.
माणूस गेला की त्याचं पितळ बोलायला लागतं.
उजव्या अंगठ्याखालचं लॅकर पार उडालेलं,
धातू असा गुळगुळीत
जशी आमच्या पोलिश चर्चच्या दाराची मूठ.

भोंग्याला पोचा आहे, अठ्ठावन्न सालचा.
मन्सीहून डेटनला जाताना बस बर्फात घसरली,
नऊ वादक, एक ड्रायव्हर,
आणि हा हॉर्न कवेत घेऊन पडला,
डोक्याचं जे व्हायचं ते होऊ दिलं.
पोचा कुणाला काढू दिला नाही कधी.
"आवाज तिथूनच वळतो," म्हणायचा.
वळत नाही. मी तपासून पाहिलंय.

रेकॉर्ड एकच. तीत अर्धा मिनिट तो एकटा वाजतो.
कव्हरवर नाव छापलंय व्हिट्लॉक.
"त्या व्हिट्लॉकला लोक अजून शोधत असतील," म्हणायचा,
"बिचारा. मी आपला इथे बरा आहे."

खरं तर आई अंथरुणाला खिळली म्हणून परतला.
रात्री काचेच्या कारखान्यात, भट्टीसमोर
तडकलेल्या बाटल्या वेगळ्या काढायच्या,
आणि सकाळी आठला आम्ही,
नाक ओढणारी पंचवीस पोरं.
एकोणतीस वर्षं.

पहिला महिना हॉर्न पेटीतच.
आधी दमसास.
गेल्या वर्षीचा हजेरीपट फाडून
एकेक कपटा हातात द्यायचा,
तो नुसत्या फुंकरीनं भिंतीला धरून ठेवायचा.
पडला, तर भिंतीची माफी मागायची.
मोठ्यानं.

मी अकरा वर्षांची, दमेकरी.
माझा कपटा सहा सेकंदांत खाली.
पोरं हसली. तो घड्याळाकडे बघत होता.
"सहा सेकंदांत पुष्कळ सांगता येतं, रेनाटा.
फक्त पाल्हाळ लावू नकोस."

साठीत त्याचे वरचे दात गेले.
कवळीवर जुना सूर बसेना.
तेव्हा तो शेवटच्या बाकावर येऊन बसला
आमच्यात, मांडीवर हॉर्न घेऊन,
आणि नवशिक्यासारखा एकच सूर धरत राहिला,
बेसूर, भसाडा, लाज न बाळगता.
त्या वर्षी आम्ही जे शिकलो
ते कुठल्याच वहीत नाही.

पेटीत सात रीड निघाले, मधला चिरलेला.
बोरूच तो शेवटी,
ओला केल्याशिवाय उमटत नाही.

मग दुकानातले दिवे मालवले,
नळीत बारका दिवा सोडला.
जिथून उजेड झिरपतो, तिथे गळती.
सगळ्यांत खालच्या पॅडला पिवळी रेघ दिसली.
पॅड उचललं. खाली कागदाची घडी,
उंची जुळावी म्हणून सरकवलेली.
पेन्सिलीनं लिहिलेलं:
हायरम गस्ट, गैरहजर, गैरहजर, गैरहजर.

कोण हा हायरम?
लांब मनगटांचा एक मुलगा आठवतो,
तीन आठवडे आला असेल, मग घर बदललं त्यांनी.
की तो दुसराच कुणी?
बाकीची पॅडंही उचलून बघितली मी.
माझं नाव कुठेच नव्हतं.
खोटं कशाला बोलू, शोधलं होतं.

शहाण्या कारागिरानं असा कागद फेकून
नवं फेल्ट लावायचं असतं.
मी घडी होती तशी परत ठेवली,
बिलावर लिहिलं: तीन पॅडं, एक स्प्रिंग, मानेचा कॉर्क.
खालचा बी-फ्लॅट: किंचित गळतो. ठेवला आहे.

फुंकून पाहिला.
लागतो, पण कडेनं वारा जातो,
झोपेत कुणीतरी कूस बदलावी तसा.

नातीचा फोन आला, कधी येऊ?
मंगळवारी, म्हटलं.
मग म्हटलं, नाही, बुधवारीच या.